रेडकू वाजवणारी पेटी

पेटी म्हटल्यावर तुम्हाला कपड्यांची पेटी आठवली ना, मित्रांनो? मग आधीच सांगते, मी ती नव्हे. मी गाण्यातली पेटी, हार्मोनियम. वयाने जुनी झाले, पण दुसऱ्यांच्या गोष्टी कान देऊन ऐकायची माझी खोड काही गेली नाही. भात्यातून वारा आत घेता घेता चार गोष्टीही आत घ्यायच्या, हा माझा जन्मापासूनचा उद्योग.

माझा जन्म उमरखेडचा. गफ्फारभाईंच्या अब्बांनी मला सागवानातून घडवलं आणि देवरावांच्या गायन पार्टीत मी दाखल झाले. एप्रिल महिना आला की मला दम खायला फुरसत नसे. महागावकडच्या गावागावांतून देवराव भीमगीतं गात, लोक पुन्हा पुन्हा तेच गाणं म्हणायला लावत, आणि मला वाटे, हे सगळं कौतुक माझंच चाललंय. थोडी शेफारलेच होते म्हणा ना.

पुढे देवराव थकले, गावोगाव डीजे आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे उंदरांनी माझा भाता कुरतडला, अंगात ओल शिरली. कोणी विचारपूस करीना. फार रडू यायचं, पण रडायलासुद्धा भाता लागतो हो! त्याच दिवसांत माझी डावीकडची एक पांढरी पट्टी बिघडली. ती दाबली की रेडकू रेकावं तसा आवाज निघू लागला.

देवरावांचा मुलगा भीमराज यवतमाळला नोकरीला होता. शेतांचे प्लॉट पाडून विकणारं एक ऑफिस होतं, तिथे नव्या पोरापोरींना प्लॉट कसा विकायचा ते तो शिकवायचा. एके दिवशी त्याने मला खाली काढलं, भात्याला ठिगळ लावलं आणि थेट वर्गात नेऊन ठेवलं. प्लॉटच्या वर्गात पेटीचं काय काम? मला तर कधी एकदा कळतं असं झालं होतं.

डबे खाऊन झाले की सगळा वर्ग पेंगायचा. भिंतीवर सातबारा, नकाशा, बिनशेतीचा आदेश असं काय काय दिसायचं आणि खाली माना डुलायच्या. सातबारा म्हणजे जमिनीची जन्मपत्रिका, हे मला तिथेच समजलं. भीमराजने मला पुढे ओढलं आणि स्वतःच रचलेलं गाणं सुरू केलं:

"सातबारा पाह्यला का, नकाशा पाह्यला का,
रस्ता कोनाचा हाये, कोनाले पुसलं का?"

टाळ्यांवर टाळ्या पडल्या, झोप कुठल्या कुठे पळाली. मग तो दोघांना उभं करायचा. एक गिऱ्हाईक, एक विकणारा. विकणारा म्हणाला, "बसस्टँड इथून पाच मिनिटांवर," की भीमराज माझी बिघडलेली पट्टी दाबायचा. रेडकू रेकलं की वर्ग हसून लोटपोट. "विमानाने गेलं तर," असं भीमराज वर म्हणायचा. पोरांनी त्या पट्टीचं नावच रेडकू ठेवलं. मालक इंद्रजितसाहेबही दारातून डोकावून हसून जायचे. ज्या पट्टीची मला लाज वाटायची, तीच माझी शान झाली!

त्या वर्गात कळंबची पायल होती. तिला सगळं तोंडपाठ, पण गोड गोड बोलून गिऱ्हाईक गळाला लावणं तिला जमेना. तिचा एकही प्लॉट गेला नव्हता. साहेबांनी तिला स्पष्ट सांगितलं की रविवारी एक तरी प्लॉट विकला गेला पाहिजे, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस. घरात कमावणारी ती एकटीच. वर्ग रिकामा झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि एकच पट्टी हळूहळू दाबत राहिली. मला तिची फार काळजी वाटली.

रविवारी गावाबाहेर प्लॉटवर मांडव उभा राहिला. थंड पाणी, सरबत आणि संगीताला मी. या धंद्यात गिऱ्हाइकाला जागा दाखवायला नेतात ती उन्हाळ्यात. कपाशीच्या काळ्या जमिनीवर तेव्हा ट्रॅक्टर फिरवला की ती डांबरी सडकेसारखी टणक दिसते. खालच्या प्लॉटांकडे जाणारा रस्ता म्हणजे बैलगाडीची जुनी पांदण होती, पण वैशाखात ते कोणाला ओळखू येणार?

पायलच्या वाट्याला हंसाबाई आल्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी बेजार. त्या म्हणाल्या, "मले मोठं काही नको बाई. दारापर्यंत ॲटो आला पायजे, बस."

साहेब मागेच उभे होते. पायल म्हणाली, "मावशी, हा रस्ता बाराही महिने चालू राह्यते."

हंसाबाईंनी मान डोलावली. त्यांना जागा पसंत पडली होती. पायलची नोकरी वाचली, मी मनात म्हटलं. पण पायल मांडवात चालत माझ्याकडे आली. आता ही काय करणार? भीमराज भाता हलवत होता. तिने बोट उचललं आणि रेडकू दाबलं.

वर्गातली पोरं सवयीने हसली. हंसाबाईंनी विचारलं, हे काय वाजलं?

"मावशी, मी खोटं बोलली," पायल म्हणाली. "पावसाळ्यात इथं चप्पल रुतून बसते, ॲटो नाई येत. वरच्या अंगाचे प्लॉट मुरमाचे हायेत, ते पाहा."

 श्रावणात येऊन पाहीन, एवढंच म्हणून हंसाबाई निघून गेल्या. साहेब ओरडले नाहीत. पायलला त्यांनी सोमवारी येऊ नको म्हटलं आणि भीमराजला सांगितलं, ती पट्टी आधी दुरुस्त करून घे. घरी निघताना पायलने माझ्यावर कापड नीट पांघरलं. माझ्याच आवाजाने तिची नोकरी गेली, हे मला सहन होईना.

अब्बांमागे पेट्या दुरुस्त करणाऱ्या गफ्फारभाईंना यायला श्रावण उजाडला. त्यांनी मला वर्गातल्या टेबलावर उघडलं, नवं चामडं लावलं, एकेक सूर नीट लावला. शेवटी त्यांचा हात रेडकावर आला, तेवढ्यात दारात हंसाबाई उभ्या राहिल्या. पाय पोटरीपर्यंत चिखलाने भरलेले, चप्पल हातात. एकच चप्पल. दुसरी पांदणीत रुतून राहिली होती.

साहेबांनी लगबगीने खुर्ची दिली आणि वरच्या प्लॉटांचं गुणगान सुरू केलं. हंसाबाईंनी हाताने थांबवलं.

"ते पेटी वाजवणारी पोरगी बोलवा," त्या म्हणाल्या. "ते हो म्हणन तं घेतो."

 साहेबांनी स्वतःच पायलला फोन लावला. गफ्फारभाईंनी अदबीने विचारलं, "साहब, ये पट्टी भी बना दूँ?"

साहेबांनी मान खाजवली. "तेवढी राहू द्या," ते म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर एखादं वाद्य पडलं असेल. त्याला खाली काढा, पुसा, ओल लागू देऊ नका. पण त्याचा एखादा सूर वेगळा लागला, तर लगेच नाक मुरडू नका. तो काय सांगतोय, आधी ऐका.

आता वर्ग भीमराज आणि पायल मिळून घेतात. नवी पोरं माझी बिघडलेली पट्टी बघतात आणि हमखास विचारतात, एवढी एकच पट्टी काहून नाही दुरुस्त केली?  पायलच्या वहीत हंसाबाईंनी घेतलेल्या वरच्या प्लॉटचा नकाशा असतो, तो ती त्यांच्यापुढे ठेवते, रेडकावर बोट ठेवते आणि म्हणते, "हा मले विकून दाखवा."