दाराकडची कड

कुशनवाल्याने ड्रायव्हरशेजारची सीट गाडीतून उपसून काढली, दुकानाच्या मधोमध फरशीवर ठेवली आणि पक्कड घेऊन कव्हरच्या खालच्या तारा सोडवायला बसला. त्याने मागच्या बाजूने सुरुवात केली होती. दाराकडच्या कडेपाशी पोचायला त्याला फार वेळ लागणार नव्हता. स्टुलावर बसलेल्या काकूंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली.

काकांचं आपलं गाडीभोवती चालूच होतं. गाडी जवळजवळ त्यांच्या लेकीच्या वयाची. सीटांचं कातडं वाळून तडकलेलं, शिवणी उसवलेल्या, ड्रायव्हरच्या सीटचा फोम तर बसून बसून पार चेपलेला. आता सगळं नवंकोरं हवं, पण रंग तोच, जुना तांबूस, असा काकांचा हट्ट. पुढच्या महिन्यापासून नातीला रोज शाळेत सोडायचं त्यांनी लेकीला कबूल केलं होतं. पोर पुढे बसणार, मग तिला काय असल्या फाटक्या सीटवर बसवायचं? हे त्यांनी कुशनवाल्याला आल्या आल्या सांगितलं, चहा पिताना सांगितलं, आणि आता पुन्हा सांगत होते. तोही भला माणूस, दर वेळी नव्याने ऐकल्यासारखी मान हलवत होता.

त्या कबुलीपासून काकूंची झोप उडाली होती. काकांना डाव्या बाजूचं नीट दिसत नव्हतं. डॉक्टरने सांगितलं नव्हतं; काका डॉक्टरकडे जातील तर ना! काकूंना ते शेजारी बसून कळलं होतं. गाडी हळूहळू डावीकडे सरकायची, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांचे आरसे काचेला चाटून जायचे, आणि हे आपले मजेत गुणगुणतायत. मध्यंतरी चौकात वळताना एक बाई सायकलवरून चालली होती, मागे कॅरिअरवर मूल. काकू "अहो!" म्हणून किंचाळल्या तेव्हा कुठे ब्रेक लागला. उलट काका गाडीतून उतरले आणि चारचौघांत त्या बाईलाच फैलावर घेतलं. बाई बिचारी मूल पोटाशी धरून ऐकून घेत होती.

आणि आता त्या सीटवर नात बसणार होती.

बोलायचं कसं, हाच प्रश्न होता. एरवी काकू नवऱ्याला बोटावर नाचवायच्या, पण गाडी म्हणजे काकांचं नाक. धाकट्या दिरांनी एकदा नुसतं म्हटलं, "दादा, आता जरा जपून चालवत जा," तर तेव्हापासून काकांचं त्यांच्या घराची पायरी चढणं बंद. म्हणून काकूंनी दुसराच मार्ग धरला होता. कुशनवाला कातड्याचे नमुने दाखवायचा आणि काकू प्रत्येकात खोट काढायच्या. हा फिका, तो भडक, त्याला वास येतो. काम जितकं लांबेल तितकं बरं. पण आज सकाळी काकांनीच एका नमुन्यावर बोट ठेवलं आणि विषय संपवला.

"काकू, हे काय झालंय इथे?"

कुशनवाल्याने सीट कुशीवर वळवली होती. दाराकडच्या कडेला, खालच्या अंगाला, जिथे एरवी कुणाची नजर जात नाही, तिथे कातडं ओरबाडून निघालं होतं. आतला पिवळा फोम दिसत होता.

काकू म्हणाल्या, पिशवीची कडी लागत असेल.

त्याने वाकून बोट फिरवलं. कडी नाही, नखं आहेत ही, असं तो म्हणाला. मग त्याने मान वर करून काकूंकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "मांजर आहे का घरी?"

"आहे की," काकू म्हणाल्या.

"आपल्याकडे कधी होतं मांजर?" गाडीपलीकडून काकांनी विचारलं.

ते फेरी घालून आले. त्यांनी सीट सरळ केली आणि तिच्यावर बसून पाहिलं. दुकानाच्या मध्यावर, ना दार ना काच, नुसत्या सीटवर बसलेले काका एरवी हसण्याजोगे दिसले असते. त्यांचा हात बाजूने खाली गेला. बोटं चाचपडली आणि एका जागी थांबली. कुशनवाल्याला एकदम आठवलं की फोम मागच्या खोलीत आहे, आणि तो उठून गेला.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

आता आकाशपाताळ एक होणार, काकूंना वाटलं. पण गप्प बसून तरी काय होणार होतं?

"झालं असेल वर्ष, दीड वर्ष. अहो, मला भीती वाटते तुमच्या शेजारी बसायची, ती कड नखं रोवून धरते मी. माझं एक राहू द्या. पण पोरीला तिथे बसवायचं म्हटलं की..."

काका अंगठ्याने ती जागा चोळत राहिले. ओरडले नाहीत.

"ती सायकलवाली," ते म्हणाले, "मला दिसलीच नव्हती गं."

काकूंनी स्टूल त्यांच्याजवळ सरकवलं.

"तू ओरडलीस म्हणून पाय दाबला. खाली उतरल्यावर पहिल्यांदा पाहिलं, मागे लेकरू आहे. मग तोंडाला येईल ते बोलत सुटलो." त्यांनी कडेवरचा हात उचलून मांडीवर घेतला. "तेव्हापासून डाव्या बाजूला कुणी असेल का, या विचारानेच घाम फुटतो मला."

आपली भीती आता कमी व्हायला हवी, असं काकूंना वाटलं. झालं उलटंच. इतके दिवस गाडीत निदान एक माणूस तरी निर्धास्त होता.

कुशनवाला फोमची लादी आणि टेप घेऊन आला. ड्रायव्हरच्या सीटचा फोम चालवणाऱ्याच्या उंचीप्रमाणे कापावा लागतो, नाहीतर पाठ धरते, असं सांगून तो काकांना म्हणाला, या, गाडीत बसा, तुमचं माप घेतो.

काका उठले. "माझं नको. हिचं घे."

काकूंकडे लायसन्स होतं. लग्नाआधी आणि नंतरही माहेरची गाडी त्या झकास चालवायच्या. ही गाडी आली आणि काकांनी किल्ली खिशात घातली ती घातलीच. तेव्हा आपण का नाही मागितली, हे आता विचारण्यात अर्थ नव्हता.

"मला नाही जमायचं," त्या म्हणाल्या. "मीच कुठे धडकवली म्हणजे?"

"मी आहे ना शेजारी," काका सवयीने म्हणून गेले आणि स्वतःच ओशाळले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "नाही जमलं तर पोर बसने जाईल. मी सांगतो लेकीला. डोळ्यांचंही मीच सांगतो."

काकूंनी पर्स स्टुलावर ठेवली आणि गाडीत जाऊन बसल्या. चेपलेल्या फोममध्ये त्या इतक्या खाली गेल्या की समोर नुसता डॅशबोर्ड. कुशनवाल्याने टेप लावला, आकडा मनाशी पुटपुटला, खालची दांडी ओढून सीट पुढे सरकवली आणि विचारलं, पोचतोय का पाय?

काकूंनी पाय लांब केला. चवडा पोचला, टाच अधांतरी राहिली. चालेल म्हणावं आणि उतरावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. काका दारापाशी उभे होते, पहिल्यांदाच काही न सुचवता.

"नाही," काकू म्हणाल्या. "अजून पुढे घ्या."