निळ्या गाडीवरची लाल पाटी

आमच्या शहरात मला नमस्कार करायची एक वेगळीच पद्धत आहे. लोक बोटं दाखवतात. बेकरीवाला काउंटरमागून तीन बोटं वर करतो, औषधांच्या दुकानातल्या बाई दोन. परवा दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घातलेला असताना दुसऱ्या हाताची चार बोटं माझ्या डोळ्यांसमोर नाचवली आणि मगच मशीन सुरू केलं. आ वासून पडलेला माणूस काय बोलणार?

एकतीस वर्षं मी वाहन परवान्याच्या कचेरीत ड्रायव्हिंगची परीक्षा घेत होतो. समोरचा जितकी बोटं दाखवतो, तितक्या वेळा मी त्याला नापास केलेलं असतं. पण ओरडलो मी कुणावरच नाही. कागदावर शिक्का मारायचा, कागद पुढे करायचा आणि म्हणायचं, "पुन्हा या." याहून सभ्य निरोप असू शकत नाही, अशी माझी समजूत होती.

माझा जिवलग मित्र कॅप्टन. तो जन्मात कधी जहाजावर चढलेला नाही, त्यानं चष्म्याचं दुकान चालवलं. पण बागेतल्या बाकावर कुणी कुठे बसायचं हेसुद्धा तोच ठरवतो, म्हणून कॅप्टन. त्याची पाच बोटं. पाचव्यांदा नापास झाल्यावर तो मला म्हणाला होता, "साहेब, आता आपली इतकी ओळख झालीय, एकदा चहाला तरी या." गेलो. सहाव्यांदा तो पास झाला, आणि त्या चहाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

आता जे मी सहसा कुणाला सांगत नाही ते सांगतो. मी स्वतः गाडी चालवत नव्हतो. दिवसभर घाबरलेल्या माणसांशेजारी जीव मुठीत धरून बसल्यावर संध्याकाळी स्टिअरिंगकडे बघवत नसे. घरची निळी गाडी बायको चालवायची आणि झकास चालवायची. माझ्या परवान्याची मुदत सहा वर्षांपूर्वी संपली, ती वाढवून घ्यायची राहून गेली. पाच वर्षं उलटली की नियमाप्रमाणे पहिल्यापासून परीक्षा द्यावी लागते. काही अडत नव्हतं, म्हणून मीही लक्ष दिलं नाही.

मग बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने पेडलला पाय लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. प्रश्न उभा राहिला तो गुरुवारचा.

बायकोच्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळेच ताई म्हणतो. तलावापलीकडे वृद्धांसाठी एक निवास आहे, तिथे त्या चार वर्षांपासून राहतात. त्यांच्या आठवणीतून एकेक माणूस गळत गेलं. आधी शेजारी गेले, मग मी गेलो. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, कारण आमचं कधी जमलंच नव्हतं. गेल्या वर्षी बायकोचा चेहराही गेला. राहिली ती एकटी निळी गाडी. गुरुवारी चार वाजता ती फाटकातून आत आली की ताई बाकावरून उठायच्या, पर्स काखेत मारायच्या, "आली का गं?" म्हणायच्या आणि मागच्या सीटवर बसायच्या. दोघी बहिणी तलावाला एक फेरी मारून यायच्या. त्या अर्ध्या तासात बायको पुन्हा त्यांची धाकटी बहीण असायची.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या गुरुवारी आम्ही पांढऱ्या टॅक्सीनं गेलो. ताई उठल्याच नाहीत. बायको काठी टेकत बाकापाशी गेली, तर त्या अदबीनं म्हणाल्या, "इथे नका बसू बाई. माझी बहीण यायचीय. निळ्या गाडीतून."

घरी आल्यावर बायको चप्पलही न काढता म्हणाली, "अहो, तुम्ही शिकाऊ परवाना काढा. एका दिवसात मिळतो. आपल्या गाडीला शिकाऊची लाल पाटी लावा, मी शेजारी बसते. माझा परवाना आहेच. नियमात बसतं ना?"

"नियमात बसतं," मी म्हणालो. "पण अख्ख्या शहरात माझी वरात निघेल."

"निघू दे की."

"मला पाच आठवडे दे. पक्का परवाना घेऊनच निळ्या गाडीला हात लावतो."

कॅप्टननं मोठ्या मनानं 'मी चालवतो' म्हणून पाहिलं, पण बायकोनं त्याला तिथल्या तिथे उडवून लावलं. "यांनी तुम्हाला पाच वेळा नापास केलंय. तुमच्या हातात मी माझी गाडी देऊ?"

शिकाऊ परवाना मी दुसऱ्याच दिवशी काढला, कारण त्याशिवाय शिकताही येत नाही. मग कुणी ओळखू नये म्हणून शहराच्या पार दुसऱ्या टोकाची ड्रायव्हिंग स्कूल गाठली. तिथल्या मालकीणबाई स्वतःच शिकवायच्या. चाळिशी ओलांडलेल्या, केस घट्ट बांधलेले. त्यांनी रजिस्टरमधून मान वर केली, मला नीट न्याहाळलं आणि तीन बोटं दाखवली.

"एकोणीस वर्षांची होते, सर. तिसऱ्यांदा तुम्ही 'पुन्हा या' म्हणालात आणि मी बसस्टॉपवर बसून ढसाढसा रडले."

"अहो, पण मी तर सभ्यपणे..."

"तेच तर. ओरडला असतात तर भांडता तरी आलं असतं."

पहिल्या दिवशी मी दार उघडून थेट गाडीत बसलो, पट्टा लावला आणि कागद अडकवलेलं पॅड घ्यायला हात पुढे केला. पॅड नव्हतंच. बाई बाहेर उभ्या राहून काचेवर टकटक करत होत्या.

"सर, त्या बाजूला. आज तुम्ही तिकडे."

मी त्या बाजूला जाऊन बसलो. शेजारच्या सीटवरून मला एकतीस वर्षं प्रत्येकाची चूक लख्ख दिसत होती. इथून मला गिअरसुद्धा सापडेना.

"आरसा, सर," बाई म्हणाल्या.

"पाहिला की."

"डोळे हलले नाहीत."

हे माझंच वाक्य होतं, जसंच्या तसं. मी निमूटपणे आरशात पाहिलं.

आठवड्याभरात हात बसायला लागला. एकदा सिग्नलला थांबलो असताना शेजारच्या फुटपाथवर नेमका कॅप्टन उभा. स्कूलच्या गाडीच्या टपावर तिची भलीमोठी पाटी होतीच. दुसऱ्या दिवशी बाकावर त्यानं विषय काढला.

"काय चाललंय?"

"त्या स्कूलची तपासणी करतोय."

"ड्रायव्हरच्या सीटवर बसून?"

"आतून तपासणी."

कॅप्टननं विषय बदलला, म्हणजे त्याला सगळं कळलं होतं.

दरम्यान चार गुरुवार गेले. चारही वेळा बायको टॅक्सीनं जाऊन आली. चौथ्या वेळी ती हसत हसत सांगायला लागली, "आज ताईनं मला अर्धं बिस्किट दिलं. म्हणाली, दमलेल्या दिसता बाई. घरी कुणी नाही का तुमच्या?" मग ती उठली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. त्यात काय छापलं होतं, देव जाणे.

परीक्षा बुधवारी होती. कचेरीचं तेच आवार, तोच गंजलेला झेंड्याचा खांब. परीक्षा घेणारा तरुण इन्स्पेक्टर माझ्याच हाताखाली तयार झालेला, निवृत्तीआधीचा माझा शेवटचा चेला. शेजारी बसल्या बसल्याच त्याला घाम फुटला.

"सर, तुम्हाला मी काय सांगणार?"

"उजवीकडे वळा म्हणायचं, की मी वळेन. चल."

सगळं सुरळीत झालं. चढावर गाडी मागे घसरली नाही, मागे घेताना कडेला घासली नाही. वाचनालयामागे एक बोळ मोठ्या रस्त्याला मिळतो. तिथे जमिनीवर पांढरी रेघ आहे आणि रेघेवर गाडी पूर्ण थांबवायची असते. तिथे कधी चिटपाखरूही नसतं, आणि म्हणूनच ती जागा परीक्षेत मी घातली होती. कुणी बघत नसताना माणूस थांबतो का, हे मला बघायचं असे. निम्मं शहर मी त्या रेघेवर नापास केलंय.

मी वेग कमी केला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता आणि मी गाडी पुढे घेतली. चाकं थांबली नव्हती. दहा पावलांवर माझ्या ते लक्षात आलं. मी शेजारी पाहिलं. इन्स्पेक्टर खिडकीबाहेरच्या एका झाडाकडे अगदी मन लावून बघत होता.

आवारात परतल्यावर त्यानं शिक्का मारला. "अभिनंदन, सर!"

मी कागद घेतला. रेघेसमोरच्या चौकटीत बरोबरची खूण होती.

"कसलं झाड होतं ते?" मी विचारलं.

"कुठलं, सर?"

"वाचनालयामागचं. ज्याच्याकडे बघत होतास."

त्याचे कान लाल झाले. "सर, उद्या गुरुवार आहे ना... ताईंचं कळलं मला. कॅप्टनकाका येऊन गेले होते."

"चहा पाजला त्यानं?"

"दोन कप, सर."

माझं डोकं फिरलं. "हे शिकवलं मी तुला? खोड ती खूण आणि मार दुसरा शिक्का!"

त्यानं खूण खोडली. दुसरा शिक्का मारून कागद पुढे केला, तोंड उघडलं आणि मिटलं.

"म्हण ना पुढचं," मी म्हणालो.

"पुन्हा या," तो पुटपुटला.

माझी कानशिलं तापली. त्या बाई का रडल्या असतील, ते मला त्या क्षणी समजलं.

योगायोग असा, की मीही बसस्टॉपवरच जाऊन बसलो. राग दोन बस येऊन जाईपर्यंत टिकला. तो उतरल्यावर मात्र मला स्वतःची लाज वाटली. चूक कबूल केल्याची नव्हे, ती कबूल करायलाच हवी होती. लाज त्या चार गुरुवारांची वाटली. शिकाऊ परवाना खिशात, निळी गाडी दारात, परवाना असलेली बायको घरात, आणि माझं नाक खाली होऊ नये म्हणून मी तिला तिच्याच बहिणीसमोर परकी करून ठेवली होती. तिनं एकदाही बोलून दाखवलं नव्हतं, त्याचा जास्त त्रास झाला.

घराच्या अलीकडे मोटारींच्या सामानाचं दुकान आहे. दुकानदारानं मला बघताच नेहमीची दोन बोटं वर केली. मी एक बोट वर केलं. त्याला काही उमगेना.

"शिकाऊच्या लाल पाट्या दे," मी म्हणालो. "एक पुढे लावायला, एक मागे."

तो हसेल असं वाटलं होतं. त्यानं फक्त पाट्यांवरची धूळ फडक्यानं पुसली आणि त्या कागदात गुंडाळून दिल्या.

बायकोनं पाट्या पाहिल्या. "नापास?" तिनं विचारलं.

"नापास."

"जेवून घ्या," ती म्हणाली. पण पाट्या तिनं त्याच संध्याकाळी स्वतः चिकटवल्या, काठी टेकत, काचेच्या बरोबर मध्यावर.

गुरुवारी साडेतीनला आम्ही निघालो. बायको शेजारी, तिचा हात हँडब्रेकवर. मी इतका सावकाश चालवत होतो, की एका सायकलवाल्यानं ओलांडून जाताना माफी मागितली. बेकरीवाला पायरीवर आला, त्यानं पाटी पाहिली आणि उचललेली तीन बोटं हळूच मिटून घेतली. बागेच्या फाटकाशी कॅप्टन उभा होता. त्यानं एक बोट दाखवलं आणि मग कडक सलाम ठोकला. दोन कप चहाचा हिशेब त्याच्याशी अजून व्हायचा होता, म्हणून मी समोर बघत राहिलो.

चारला दोन मिनिटं कमी असताना निळी गाडी निवासाच्या फाटकातून आत शिरली. ताई उठल्या. पर्स काखेत मारली.

"आली का गं?" त्या म्हणाल्या. "किती वाट बघायला लावलीस!"

"चुकलं ताई," बायको म्हणाली.

ताई मागे बसल्या आणि माझ्या मानेकडे बघत बहिणीच्या कानाशी कुजबुजल्या, "ड्रायव्हर ठेवलास?"

"हो. शिकाऊ आहे."

"वाचली पाटी. सांभाळून घे त्याला."

आम्ही तलावाला फेरी मारली. दोघी बोलत होत्या, लहानपणच्या कुठल्याशा शिंपिणीबद्दल, जिनं दोघींना एकाच कापडाचे फ्रॉक शिवून दिले होते. तलावाचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथेही एक पांढरी रेघ आहे. दोन्ही बाजूंना कुणी नव्हतं. मी थांबलो, पूर्ण थांबलो आणि मनात तीनपर्यंत मोजलं. बायकोनं हँडब्रेकवरचा हात काढून घेतला.

निवासापाशी ताई उतरल्या. बहिणीच्या गालावरून त्यांनी हात फिरवला. मग गाडीला वळसा घालून त्या माझ्या खिडकीशी आल्या. उभ्या आयुष्यात या बाई माझ्याशी कधी धड बोलल्या नव्हत्या. त्या वाकल्या आणि हसून म्हणाल्या, "पुन्हा या."

"येतो, ताई," मी म्हणालो.