हरिबाच्या तोंडावर बासरी

पडद्यावर मेंढ्यांचा कळप आला, मागोमाग बासरी वाजायला लागली आणि वनमालाबाईंचं डोकं सणकलं. बासरीखालून हरिबाचा आवाज यायला हवा होता. तो येईना.

वनमालाबाई गावच्या शाळेवर शिक्षिका. गावाचं गायरान दरवर्षी आकसत चाललं होतं आणि कागदावरची हद्द कुणालाच धड सांगता येत नव्हती. ती पाठ होती एकट्या हरिबा धनगराला. फाल्गुनात म्हाताऱ्यानं बाईंना अख्खं गायरान पायी फिरवलं. तो दगड दाखवत, बोलत गेला आणि बाई मोबाइलवर चित्रण करत गेल्या. आषाढात तो वारला. गायरानाची मोजणी करायची की फाईल बंद करायची, हे आज ग्रामसभेत तालुक्याहून आलेले साहेब ठरवणार होते. धनगरांच्या हातात पुरावा काय, तर हरिबाचा आवाज.

आठ दिवसांपूर्वी सरपंच विजयसिंह शाळेत आले होते. "मॅडम, काम झकास केलंत. पण नुसतं बोलणं ऐकून साहेब लोक कंटाळतात. केजच्या रामेश्वरकडून मागं जरा संगीत टाकून आणतो." बाईंनी पेनड्राइव्ह काढून दिला. वर आभारही मानले! ते आठवून आता त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटत होतं.

त्या तरातरा लॅपटॉपपाशी गेल्या. "रामेश्वर, हरिबाचा आवाज कुठंय?"

रामेश्वर लग्नाचे व्हिडिओ करणारा. त्या धंद्यात आधी वऱ्हाडाचा कालवा पुसायचा आणि मग गाणं चढवायचं, हा नेमच. "लग्नात आमी असंच करतो बाई," तो पुटपुटला. "आन् सरपंच जवळच बसले व्हते. म्हणले, बोलणं ठिवूच नको."

"मूळ चित्रण?"

"पेनड्राइव्हवर जागा न्हवती. पुसलं."

बाईंच्या मोबाइलमध्येही ते उरलं नव्हतं. पेनड्राइव्हमध्ये आहे म्हणून त्यांनी केव्हाच काढून टाकलं होतं. म्हणजे हरिबा दुसऱ्यांदा मेला, आणि या वेळी त्याला मारणारा पहिल्या रांगेत मांडीवर ताल धरून बसला होता. इतका संताप त्यांना जन्मात आला नव्हता.

साहेब मान डोलवत होते. "छान. निसर्गरम्य गाव आहे."

तेवढ्यात बायकांतून हरिबाची बायको छबुबाई उठली. "आगं बया, म्हातारं बोलायलंय की! तोंड हालतंय, मंग आवाज कावून न्हाई?"

"मावशे, बस खाली," विजयसिंह हसत म्हणाले. "बासरी ऐक, लई गोड हाय."

"गोड?" छबुबाई कडाडली. "माजा मालक काय मुका व्हता?"

बाईंनी स्पीकरची वायर हिसडा मारून उपटली. बासरी तुटली. "पहिल्यापासून लाव," त्या रामेश्वरवर खेकसल्या, "आणि हात लावशील तर याद राख!"

छबुबाई पडद्याशी जाऊन उभी राहिली. हद्द फिरताना पाण्याची कळशी घेऊन ती नवऱ्याच्या मागं पावलापावलाला चालली होती. त्याचे ओठ हलले की ती बोलू लागली. "हितं म्हणला, ह्यो पांढरा धोंडा, हितून सुरू. हितं म्हणला, ह्या बोरीपासून वड्यापातूर. ह्यो बांध नवा हाय म्हणला, पैला न्हवता." साहेबांनी वही उघडली. विजयसिंहांच्या मांडीवरचा ताल थांबला.

शेवटच्या चित्रात हरिबा थांबला होता. त्यानं हात लांब केला होता आणि बोट एका विहिरीकडं होतं. सिमेंटचा नवाकोरा कठडा, निळी मोटार. ती विहीर अख्ख्या गावाच्या ओळखीची होती.

"रामेश्वर, फुडं घे बे!" विजयसिंह ओरडले.

वनमालाबाईंनी लॅपटॉपवर तळहात दाबून धरला. "पुढं काही नाही."

"इथं काय म्हणाले ते?" साहेबांनी विचारलं. "ही विहीर कुणाची?"

सभेतल्या माना विजयसिंहांकडं वळल्या. छबुबाई पडद्याकडं पाठ करून विजयसिंहांच्या समोर येऊन उभी राहिली.

"सांगा की सरपंच," ती म्हणाली. "आता तर बासरीबी न्हाई."