आकाशनाथांचा डावा पाय

पंजाबरावांच्या ओसरीवर त्या दुपारी इतकी माणसं जमली की चपला अंगणात मावेनात. त्या पार रस्त्यापर्यंत गेल्या आणि तिथं एका बकरीनं त्यांतली बरीशी निवडून चघळायला घेतली. मे महिना होता. मारेगावच्या बाजूला मे महिन्यात माणूस भर दुपारी घराबाहेर पडतो तो कुणी मेलं म्हणून, नाहीतर चमत्कार आहे म्हणून. वडसावळीत त्या दिवशी कुणी मेलं नव्हतं.

ओसरीच्या टोकाला टेबलावर टीव्ही होता. टीव्हीला झेंडूचा हार, पुढ्यात उदबत्ती, पडद्यावर भक्तीच्या चॅनलची आरती. समोर उंच चौरंगावर भगवी झालर सोडून आकाशनाथ बाबा बसले होते. उजवा पाय भक्तांसाठी बाहेर, डावा झालरीच्या आत. "डाव्या पायात शक्ती बंद आहे. छुओगे तो भस्म हो जाओगे," असं बाबांनी आल्या दिवशीच बजावलं होतं. तेव्हापासून गावानं एकाच पायाचं तीर्थ घेतलं आणि कुणीही भस्म झालं नाही. यावरून बाबा खरं बोलतात हे सिद्ध झालं होतं.

बाबांनी डोळे मिटले, हात वर केला.

"देवा, जा!"

पडदा काळा झाला. 'सिग्नल नाही' अशी अक्षरं उमटली.

"देवा, ये!"

आरती पुन्हा सुरू.

"बाप्पा!" उकंडा ओरडला. चमत्कार कुठलाही असो, पहिली आरोळी उकंड्याचीच असे. "देव हुकमात हाये बाबाच्या!"

ज्या गावात वायरमन आठवडाभर बोलावूनही येत नाही, तिथं देव हाकेसरशी ये-जा करतो म्हटल्यावर कुणाचाही ऊर भरून आला असता. पंजाबरावांचा तर जास्तच. बाबांना राजूरच्या एका लग्नातून उचलून त्यांनीच घरी आणलं होतं. छपरावर टीव्हीच्या छत्रीशेजारी 'आकाशध्वज' लावायची बाबांची इच्छाही त्यांनीच पुरवली होती. ध्वजाची दोरी थेट ओसरीवर बाबांच्या चौरंगापाशी उतरली होती, कारण शक्तीला उतरायला काहीतरी लागतंच.

या सगळ्याचं मूळ वाटणीत होतं. पंजाबराव आणि धाकटा श्रीकृष्ण वेगळे झाले तेव्हा भांडी वाटली, बैल वाटले, आईच्या फोटोचीसुद्धा वाटणी झाली. एकाला फोटो मिळाला, एकाला चौकट. छपरावरची टीव्हीची छत्री मात्र वाटता येईना. छत्री बसवणारा म्हणाला, "दोन घरी दोन टीव्ही लावाचे त छत्रीले दोन तोंडाचं यंत्र पायजे."

"काहून? मी एका तोंडानं साऱ्या गावाशी बोलतो, छत्रीले काय झालं?" असं म्हणून पंजाबरावांनी एका वायरीच्या दोन करणारा साधा जोड लावून घेतला.

पुढं श्रीकृष्ण तापानं गेला. त्याची बायको साधना रस्त्याकडच्या दोन खोल्यांत ब्लाउज शिवून राहू लागली. आणि पंजाबरावांच्या लक्षात आलं, की संध्याकाळी साधनाच्या घरात टीव्ही लागला की आपल्या टीव्हीवरचा देव जातो. नवरा खाल्ला, आता देव खाऊन राह्यली, असा विचार त्यांच्या मनात आला. त्याच सुमारास तिच्या खोल्यांत आपलं कृषी केंद्र किती छान दिसेल, हाही विचार आला. दोन्ही विचार आपापले स्वतंत्र आले, असं ते आजही सांगतात.

बाबांनी निदान करायला वेळ लावला नाही. "इस औरत की परछाई में देव टिकता नहीं. ही घरात राहिली तर घर बसेल."

झालं. बायांनी शिवायला टाकलेली कापडं परत नेली. शेजारच्या मैनाबाईनं नातवाला साधनाच्या दारावरून जायची बंदी केली. आज सगळ्या गावासमोर परीक्षा होती. साधनाच्या पावलानं देव गेला, तर दिवस मावळायच्या आत तिनं खोल्या सोडायच्या. ऑटो येऊन उभा होता. पंजाबराव तयारीत मागं राहणारे नव्हते.

साधनानं एकच अट घातली होती, की शाळेचे राजदीप सर हजर पाहिजेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवणारे सर खांबाला टेकून बसले होते.

"सर, तुमचा त देवावर इश्वास नाही, तुमी कायले आले?" उकंड्यानं टोमणा मारला.

"माझी तक्रार देवाबद्दल नाही उकंडाभाऊ. छत्रीबद्दल आहे."

"आना तिले!" पंजाबराव गरजले.

गल्लीतून बाई आली. पोपटी लुगडं. श्रीकृष्णानं साधनासाठी वणीहून आणलेलं, साऱ्या गावाच्या ओळखीचं. डोक्याला नि चेहऱ्याला पांढरा दुपट्टा, नुसते डोळे उघडे. त्यात नवल नव्हतं. इथल्या उन्हात बाया असंच तोंड बांधून हिंडतात. ओसरीवर बसलेल्या निम्म्या बायांची तोंडंही तशीच बांधलेली होती.

तिचं पाऊल उंबऱ्यावर पडलं आणि पडदा काळा झाला.

"गेला! देव गेला!"

"डाकीण हाये वं माय!"

"हाकला तिले!" कुणीतरी चप्पल उचलली. ती बकरीनं चघळलेली निघाली, म्हणून दुसरी उचलली.

तिची सावली पंजाबरावांच्या मांडीवर पडत होती. त्यांनी मांडी चटकन आवरली, दोन हात मागं सरकले आणि उठून उभे राहिले. या भाषणाची त्यांनी तालीम केली होती.

"आयका सारे! हे बाई माही कोनी नाही. हिच्या हातचं पानी मले वर्ज्य. अशी बाई या घरात एक रात नाही पायजे!"

"बरं," बाई म्हणाली आणि तिनं दुपट्टा सोडला.

आत कुंदा होती. पंजाबरावांची बायको. गेली सव्वीस वर्षं त्यांना पाणी देणारी.

टीव्हीच्या अगदी खाली बसलेल्या बायांतून दुसरी एक उठली. तिनंही तोंडावरचा दुपट्टा सोडला. ती साधना होती.

"मी त पहिल्या आरतीपासून बसून हावो इथं," ती म्हणाली. "देवाच्या पायाशी. इतका वेळ देवाले काही झालं नाही."

एखाद्या गावात इथंच गोष्ट संपली असती. वडसावळीत ती इथं रंगली. बाबांनी डोळेही उघडले नाहीत. "दोनों! दोघी बाधित आहेत! धाकटीची बाधा थोरलीला लागली!"

"म्हंजे कुंदावयनीबी?" उकंड्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता साधना समजून उचललेली चप्पल कुंदा दिसूनही तिच्यावरच राहिली. मैनाबाईला मागच्या पावसाळ्यात महिनाभर डबा कुंदानंच पोचवला होता. कुंदाला पाहून पदर सर्वांत आधी मैनाबाईनंच आवरून घेतला.

कुंदानं नवऱ्याकडे पाहिलं. ती नुसती पाहत राहिली. एखादा शब्द आला तर येऊ द्यावा, म्हणून.

पंजाबरावांनी बाबांकडे पाहिलं. हात जोडले. "बाबा, दोघीले एकाच ऑटोत नेलं त चालते का?"

कुंदानं मान हलवली. पुढं झाली आणि चौरंगाची झालर वर उचलली.

"हां हां! भस्म होशील!" बाबांनी डोळे उघडले.

"होतो भस्म. सर, या आता."

झालरीआड चौरंगाखाली टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स होता. त्याला टीव्ही नव्हता. आकाशध्वजाच्या दोरीत गुंडाळलेली काळी वायर मात्र होती आणि तिचं टोक त्या डब्यात गेलेलं होतं. डब्याच्या बटणावर शक्तीनं भरलेल्या डाव्या पायाचा अंगठा होता.

"पंधरा दिवस मी हेच्या खालून झाडून राह्यली," कुंदा म्हणाली. "झाडू अडकला तवा पायलं. साधनाले सांगतलं, तिनं सरले इचारलं."

राजदीप सरांनी पाय बाजूला केला. तो त्यांनी दोन बोटांत धरला होता, मेलेली पाल धरतात तसा. मग डब्याचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर देव आला. परत दाबलं, देव गेला. पुन्हा दाबलं, देव आला.

"आकाशातून चॅनल दोन तऱ्हेच्या लहरींतून येतात," ते म्हणाले. "काही उभ्या, काही आडव्या. छत्रीचं तोंड एका वेळी एकच तऱ्हा पकडतं. कुठली पकडायची, हे घरातला डबा वायरीतून विजेचा दाब पाठवून सांगतो. उभ्यासाठी कमी दाब, आडव्यासाठी जास्त. एकाच तोंडाला दोन डबे जोडले आणि दोघांनी दोन तऱ्हा मागितल्या, तर जास्त दाबवाला जिंकतो. तुमचं भक्तीचं चॅनल उभ्यात. साधनाताईंची सातची मालिका आडव्यात. पंजाबराव, त्या तुमचा देव खात नव्हत्या. तुम्ही जोड स्वस्तातला लावला होता. आणि हा माणूस तेच काम पायाच्या अंगठ्यानं करत होता."

"मंग हे कोनालेबी येईन?"

"दाबा उकंडाभाऊ."

उकंड्यानं दाबलं. "देवा, जा!" देव गेला. "देवा, ये!" देव आला. उकंड्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मागच्या रांगेतल्या दोघांनी पुढं होऊन त्याच्या पाया पडून घेतलं.

बाबा पळायला उठले, पण तासन्‌तास दुमडलेला डावा पाय बधिर झाला होता. ते तोंडावर पडले. शक्ती खरोखरच त्या पायात बंद होती, बाहेर निघेना. सरांनी बोलावलेले पोलीस येईपर्यंत त्यांनी कबूल केलं, की पूर्वाश्रमी ते छत्र्या बसवत असत. धंदा बसला म्हणून बाबा झाले. माल तोच होता, गिऱ्हाईक जास्त भाबडं मिळालं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्यांना नेलं, ते उभ्या असलेल्या त्याच ऑटोतून.

"मले आधीपासूनच शंका होती," पंजाबराव जमलेल्यांना सांगू लागले. जमलेल्यांनाही आधीपासूनच शंका होती. मैनाबाईनं कापडं परत आणली. साधनानं ती घेतली आणि शिलाई वाढवून सांगितली.

निघताना सर म्हणाले, "नमस्कार करायला हात जोडण्याआधी एवढंच बघत जा, वायर कुठं जाते. आणि बाईला हाकलायला चप्पल उचलण्याआधी तर दोनदा बघा. चमत्कार बघायला हजार माणसं येतात, चौरंगाखाली बघायला एकही येत नाही. फसवणारा याच भरवशावर जगतो."

सगळ्यांनी माना डोलवल्या. दुपट्टे पुन्हा बांधले आणि चपला शोधायला गेले.

छत्रीला दोन तोंडांचं यंत्र अजून बसलेलं नाही. पंजाबराव आणायला निघाले होते, पण कुंदा म्हणाली, "राहू द्या." ती आता संध्याकाळी साधनाकडेच मालिका बघते. तिथं टीव्ही लागला की इकडे पंजाबरावांच्या पडद्यावरची आरती मध्येच तुटते आणि 'सिग्नल नाही' येतं. का येतं, हे त्यांना आता नीट समजतं. पाणीही ते स्वतःच घेऊन पितात. कुंदाच्या हातचं त्यांना वर्ज्य आहे. सगळ्या गावानं ऐकलंय.