खरखर माझीच होती

मित्रांनो, निमोण्यातल्या सोजरबाईंच्या फळीवर बसलेला मी एक जुना टेपरेकॉर्डर. जुना म्हणा, भंगार म्हणू नका. तेवढा ताठा अजून शिल्लक आहे.

सोजरबाईंचे मालक कोंडिबा भीमगीतं गात. एकदा त्यांनी माझ्यासमोर बसून कॅसेटमध्ये स्वतःचा आवाज भरला. गाणं संपलं आणि ते म्हणाले, "सोजर, च्या ठेव." तेही टेप झालं. एरवी ते बायकोला नावाने हाक मारत नसत. ते वारल्यावर सोजरबाई गाण्यापेक्षा त्या हाकेसाठीच मला रोज लावत.

पुढे मी खरखरू लागलो. माझ्या आतल्या स्विचच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. पण सोजरबाईंचा साधा न्याय: "करकरतंय म्हंजी तेल मागतंय." बिजागरीला घालतात तसं खोबरेल तेल त्यांनी मायेनं माझ्या बटणांच्या फटीत सोडलं. तेलावर धूळ बसली आणि मी पार मुका झालो.

"आज्जे, कॅसेटच गेली," नातू सुमित म्हणाला. ताडून बघायला घरात दुसरी कॅसेट नव्हती. दोष माझा होता, पण सांगणार कसा?

बाजरी दाण्यात आली होती. पाखरं राखायला आमच्याकडे शेतात टेपची पट्टी ताणतात. वाऱ्यावर ती चमकते, घुमते. सोजरबाईंनी स्वतःच कॅसेट सुमितला दिली. म्हणाल्या, "गाणं न्हाई तर न्हाई, पाखरं तरी हाकंल."

बाजरी निघाल्यावर यवतला दिलेली नात गौतमी आली आणि मला तिकडच्या मेकॅनिककडे घेऊन गेली. त्याने तेल पुसलं, स्विचच्या काळ्या पट्ट्यांवर क्लीनर मारला, स्विच दहा वेळा मागंपुढं केला. त्याची कॅसेट घालताच मी खणखणीत वाजलो.

"ताई, तुमच्या कॅसेटला काय बी झालं नसंल. नुसतं कॉन्टॅक्ट काळं पडल्यालं. आना की ती."

गौतमी तिथंच रडली.

घरी येऊन तिने सांगितलं, तेव्हा सोजरबाई तशाच उठल्या. शेतात गेल्या. बांधावर उडालेले पट्टीचे तुकडे पदरात गोळा करून माझ्यासमोर ठेवले.

"ह्यातलं कुठलं वाजंल का रं?" त्यांनी मलाच विचारलं.

मित्रांनो, माझ्यासारख्याला वर्षातून एकदा उघडून पुसा. खरखर आली तर तेलाची बाटली नको, जाणता माणूस शोधा. आणि आवाज बंद पडला तर आधी माझ्यावर संशय घ्या. त्या दिवशी कुणी घेतला नाही.