चंद्रभानजींच्या नावाचा मेल

चंद्रभानजींचा वाढदिवस एक जूनला नव्हताच मुळी. त्यांच्या पिढीत निम्म्या वऱ्हाडाचा तो असतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख ठोकून दिली. तरी त्या सोमवारी ते ज्या संस्थेत नोकरीला होते तिच्या मुख्य कार्यालयाच्या नावानं मेल आला, ‘चंद्रभानजी, वाढदिवसाच्या शुभेच्छा! आपलं कार्ड उघडा,’ आणि गृहस्थ विरघळले. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा गजेंद्र पुण्यात, ‘जेवले का’ विचारणारं घरात कोणी नाही. उघडलं कार्ड. पासवर्ड मागितला, तोही दिला. घ्या! छप्पन्न वर्षांचा माणूस, पण भुलायला काय वय लागतं?

कार्ड काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याहून हसनैन आला. संस्थेचे कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. त्यानं खातं तपासून सांगितलं ते असं. चोरट्यांनी त्यांच्या खात्यातून एकशे त्रेचाळीस जणांना मेल धाडला होता, ‘मी फार अडचणीत आहे. तुमच्याशिवाय मला कोणी नाही. खालच्या लिंकवर दाबा.’

संस्थेचं कामच मुळी अडचणीतल्या माणसांचं. नापिकीची वर्षं एकामागून एक चाललेली, अमरावतीच्या त्या दोन खोल्यांत शेतकरी घरांचे फोन यायचे आणि गावोगावचे कार्यकर्ते त्यांना धीर द्यायचे. मेल गेला तो बहुतेक या कार्यकर्त्यांनाच.

“काका, यादी तुमच्या खात्यात नाही, कार्यकर्त्यांच्या खात्यात हाये. त्याईतल्या एकानं जरी दाबलं असन ना,” हसनैन म्हणाला, “तं फोन करणाऱ्या सगळ्या घरांची यादी चोराच्या हाती. कोणाच्या घरात काय चाललं, सगळं. मंग संस्था बी गेली आन तुमची नोकरी बी.”

एकेकाला विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हसनैननं फोन स्पीकरवर टाकला. चंद्रभानजींनी गजानन महाराजांना नारळ बोलला आणि ते शेजारी बसले.

अंजनगावचे भगवंत म्हणाले, “हो, आलं होतं काहीतरी. पुसून टाकलं.”

भातकुलीच्या केशरबाई म्हणाल्या, “मले वाटलंच खोटं हाये. चंद्रभानजी कोणाले दुखलं-खुपलं सांगतात का कधी?”

खुशालराव तर हसलेच. “वाचलं ना! म्हटलं, असे रोजच येतात.”

पहिल्या वीस फोनांपर्यंत चंद्रभानजींचा जीव भांड्यात पडत गेला. पुढं मात्र त्यांना भलतंच वाटायला लागलं. अरे, एकानं तरी विचारावं, काय झालं हो त्या चंद्रभानले? एकानं तरी! नोकरी गेली असती तर गेली असती. काय येडेपणा लावला, म्हणून त्यांनी मनात स्वतःलाच शिवी हासडली, पण वाटायचं ते वाटलंच. दिवेलागणीपर्यंत कोणीही विचारलं नाही.

यादीत शेवटचं नाव गजेंद्रचं होतं. “याले तुमीच लावा, काका,” हसनैन म्हणाला.

“हो बाबा, पाहिला मी तो मेल,” गजेंद्र म्हणाला. पुण्यात राहून त्याची बोली पार बदलली होती. “लगेच कळलं. ब्लॉक करून टाकला.”

“कसं काय कळलं रे तुले?”

“अहो, तुम्ही कुठं असं लिहिता!”

“आन खरंच मी लिहिलं असतं तं?”

पलीकडं कोणीतरी त्याला हाक मारली. “बाबा, मीटिंग आहे. रविवारी बोलू,” म्हणून त्यानं फोन ठेवला.

हसनैननं टाळीच वाजवली. “काका, वाचलो! एकशे त्रेचाळीस माणसं, आन एकानंही भरोसा नाही केला! मिठाई पायजे आता.” त्यानं भराभरा अहवाल भरला, ‘नुकसान’ या रकान्यात ‘निरंक’ असं लिहिलं आणि कागद पुढं सरकवला. “इथं सही करा.”

चंद्रभानजींना तो शब्द दिसेनासा झाला. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि त्याच्याखाली सही केली.