कानावरचा डाग

रंगाऱ्याला थोरल्या बहिणीची किडनी मिळून आठ वर्षं झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारा माणूस पुन्हा शिडीवर चढून तिमजली घरं रंगवू लागला होता. गोळ्या तो घड्याळ लावून घ्यायचा, पण वर्षाकाठी कातडी तपासून घ्यायची म्हटलं की टंगळमंगळ.

एकदा जेवताना ताईनं त्याचा कान पकडला.

"हे काय रे?"

"रंग असेल. टर्पेंटाइननं पुसतो."

"कधीपासून पुसतोयस?"

"तीनेक महिने."

ताईनं ताट बाजूला सारलं. "तीन महिने न निघणारा रंग तू लावत असतास, तर आज श्रीमंत झाला असतास! उद्या डॉक्टरकडे. माझी किडनी आहे तुझ्या पोटात, मला विचारायचा हक्क आहे."

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं, डागाचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्यानं त्या म्हणाल्या, "कातडीचा कॅन्सर आहे. पण लहान आहे, वेळेवर सापडलाय."

रंगाऱ्याचं तोंड उतरलं. "ताईच्या किडनीमुळे?"

"छे! किडनी शरीरानं झिडकारू नये म्हणून तुमची प्रतिकारशक्ती आपण गोळ्यांनी दाबून ठेवतो. मग असे रोग डोकं वर काढतात. त्यात तुम्ही दिवसभर उन्हात."

"मग गोळ्या बंद करू?"

"खबरदार!" ताई आणि डॉक्टरीणबाई एकदमच ओरडल्या, आणि तिघंही हसली.

जागा बधिर करून डाग काढला. चार टाके पडले. डॉक्टरीणबाईंनी एक गोळी बदलली आणि महिनाभरानं रक्त तपासलं. किडनी ठणठणीत होती, कानाच्या कडेलाही काही उरलं नव्हतं. मात्र दर सहा महिन्यांनी डोक्यापासून टाचेपर्यंत तपासणी, बाहेर पडताना रुंद काठाची टोपी, आणि दोन महिने फक्त घरातली कामं.

"घरातली?" ताईचे डोळे चमकले. "माझं स्वयंपाकघर दहा वर्षं तसंच आहे."

तिनं पिवळा रंग निवडला, तोही झेंडूसारखा भडक. रंगाऱ्यानं कपाळावर हात मारला, समजूत घालून पाहिली, फिक्या रंगाचे नमुने दाखवले. ताई ऐकेना.

शेवटी त्यानं मुकाट्यानं ब्रश बुडवला. दुसरा हात मारून झाल्यावर ताई दारात उभी राहून बघत राहिली.

"जरा जास्तच झाला का रे?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "छान दिसतोय."

आयुष्यात पहिल्यांदाच तो गिऱ्हाइकाशी खोटं बोलला होता.